शोकेस शिळी होऊ देऊ नका

व्यापारी बंधूंनो, दुकानात माल भरणे हे एक काम आहे आणि भरलेला माल गिऱ्हाइकाच्या नजरेस आणून देणे हे दुसरे काम आहे. पहिल्या कामासाठी आपण सुरत, भिवंडी, इचलकरंजीला जातो, रात्रीचा प्रवास करतो, मीटरमागे आठ आण्यांसाठी घासाघीस करतो. दुसऱ्या कामासाठी मात्र आठवड्यातून एक तासही काढत नाही. मी स्वतः कित्येक वर्षे काढला नाही. त्याची किंमत मोजली, तेव्हा शहाणपण आले. तो तजुर्बा या लेखात आपल्यापुढे मांडत आहे.

आमचे दुकान मालेगावात आहे. वालिदसाहेबांच्या काळी दुकानात शोकेस नव्हती. पांढरी गादी होती, गिऱ्हाईक गादीवर बसत असे आणि ताके त्याच्यापुढे उलगडले जात. मी दुकानात बसू लागल्यावर काचेची शोकेस करून घेतली. पहिल्या वर्षी ती हौसेने सजवली. नंतर हौस संपली. ईदच्या आधी लावलेला माल बकरी ईदपर्यंत तसाच राहू लागला.

एकदा शेजारच्या मोहल्ल्यातील एक यंत्रमाग कारागीर मला म्हणाला, "भाई, तुमच्याकडे नवा माल येणे बंद झाले काय?" त्या वेळी मागच्या खोलीत नव्या ड्रेस मटेरियलचे दोन गठ्ठे पडून होते. तो माणूस रोज दोन वेळा आमच्या दुकानावरून जात होता. रोज तेच तीन सूट पाहत होता आणि त्यावरून त्याने आमचे दुकान संपत आले असा हिशेब केला होता. त्याची चूक नव्हती. आम्ही त्याला जे दाखवले, तेच त्याने मानले.

दुसरा प्रसंग याहून कडू आहे. शोकेसमध्ये दीड महिना लावलेली डाळिंबी रंगाची रेशमी साडी एका बाईंनी मुलीच्या निकाहासाठी घेतली. मी ती शोकेसमधून काढून तशीच बांधून दिली. घरी उलगडली, तर घडीच्या वरच्या बाजूने रंग उडून फिकट पट्टा पडलेला. निकाह दुसऱ्या दिवशी होता. त्या माउली रात्री दुकानात आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "भाई, देण्याआधी एकदा उलगडून तरी पाहायची होती." मी पैसे परत केले, दुसरी साडीही दिली. परंतु ते घर नंतर आमच्याकडे खरेदीला आले नाही. साडीचे नुकसान एका दिवसात भरून निघते. गेलेला भरवसा भरून निघत नाही.

नजर शिळी होते

माल शिळा व्हायच्या आधी पाहणाऱ्याची नजर शिळी होते. रस्त्यात रोज दिसणारी वस्तू माणसाला हळूहळू दिसेनाशी होते. आपल्या घराच्या भिंतीवरील घड्याळाचा रंग कोणता, असे अचानक विचारले तर आपण अडखळतो. शोकेसचेही तेच होते. मुंबईसारख्या शहरात रस्त्यावरून नवा माणूस जातो, तेथे तीच मांडणी थोडी जास्त दिवस चालते. आपल्या गावांत आणि कसब्यांत मात्र दुकानापुढून तेच लोक रोज जातात. म्हणून लहान गावातील दुकानदाराने मांडणी शहरातल्या दुकानदारापेक्षा अधिक वेळा बदलली पाहिजे. होते बरोबर उलटे.

हा विषय नवा नाही. पॅरिस येथे आरिस्तीद बुसिको यांनी 'बाँ मार्शे' हे दुकान नावारूपास आणले. जानेवारीच्या मंद महिन्यात चादरी, टॉवेल, पांढरे कापड पुढे मांडून विक्री करण्याची प्रथा त्या दुकानाच्या नावाशी जोडली जाते. अमेरिकेत एल. फ्रँक बॉम यांनी १८९७ साली केवळ दुकानाच्या शोकेस सजवण्यावर एक मासिक सुरू केले. हेच गृहस्थ पुढे मुलांच्या गोष्टी लिहून प्रसिद्ध झाले. लंडनमध्ये १९०९ साली 'सेल्फ्रिजेस' सुरू झाले, तेव्हा दुकान बंद झाल्यावरही त्याच्या शोकेसमधील दिवे रात्री चालू ठेवले जात. मोठ्या भांडवलाच्या या गोष्टी आहेत, परंतु त्यामागील उसूल लहान दुकानालाही लागू आहे: दुकानाचा पुढचा भाग हाही एक विक्रेता आहे. त्याला कामाला लावले पाहिजे.

बदलण्याचा दिवस ठरवा

"वेळ मिळेल तेव्हा बदलू" असे म्हणणाऱ्याला वेळ कधीच मिळत नाही. दिवस ठरवावा. मालेगावात यंत्रमागांची सुट्टी शुक्रवारी असते आणि त्या दिवशी कारागीर कुटुंबासह बाजारात निघतो. म्हणून आम्ही गुरुवारी संध्याकाळी शोकेस बदलतो. आपल्या गावचा आठवडी बाजार ज्या दिवशी असेल, त्याच्या आदल्या संध्याकाळी हे काम करावे.

सर्व काही दर आठवड्याला बदलण्याची गरज नाही. आमचा क्रम असा आहे:

१. दर आठवड्याला: मुख्य वस्तू आणि भावाची पाटी.
२. दर पंधरा दिवसांनी: शोकेसमधील सर्व माल आणि रंगांची जोडणी.
३. दर महिन्याला: दुकानाच्या आतील पहिल्या दोन फळ्या आणि काउंटरवरील माल.
४. दर मोसमाला: मागचा पडदा, पाटीचा रंग, दिव्यांची दिशा.

काम करताना शोकेस आधी पूर्ण रिकामी करावी. अर्धी रिकामी करून दोन वस्तू बदलल्या, तर जुन्याच मांडणीला ठिगळ लागते. काच आतून आणि बाहेरून पुसावी, तळाची धूळ काढावी, जुन्या टाचण्या आणि चिकटपट्ट्या काढाव्यात. मग एकच विषय ठरवावा. "आमच्याकडे सर्व काही मिळते" हा विषय नव्हे. "पावसाळ्यात लवकर वाळणारे कापड" हा विषय आहे. "मुलींचे शाळेचे गणवेश" हा विषय आहे. "बकरी ईदसाठी पांढरे कुर्ते" हा विषय आहे.

थोडे दाखवा, नीट दाखवा

सहा फुटांच्या शोकेसमध्ये पंचवीस वस्तू कोंबल्या, तर पाहणाऱ्याला एकही आठवत नाही. एक मुख्य वस्तू उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, म्हणजे रस्त्यापासून साधारण पाच फुटांवर असावी. तिच्या बाजूला दोन ते चार साथीच्या वस्तू, थोड्या खाली आणि वेगवेगळ्या उंचीवर ठेवाव्यात. सूट असेल तर ओढणी आणि लेस, कुर्ता असेल तर टोपी आणि रुमाल. यामुळे एक वस्तू घ्यायला आलेला माणूस दोन वस्तू घेऊन जातो. मुलांचे कपडे खालच्या बाजूस लावावेत. मूल आधी पाहते आणि मग आईचा हात ओढते.

येथे एक बारीक गोष्ट आहे. दाटीने रचलेला माल स्वस्त वाटतो आणि मोकळ्या जागेत ठेवलेला माल भारी वाटतो. दोन्हींचा उपयोग आहे. शिल्लक तुकडे विकायचे असतील तर टेबलावर ढीग करावा, लोक स्वतः हात घालून निवडतात. परंतु तीन हजारांची साडी त्या ढिगाशेजारी टांगली, तर तीही तीनशेची दिसू लागते.

रंगांच्या बाबतीत नवशिक्याने एकच नियम पाळावा: एका वेळी एक मुख्य रंग, त्याच्याच फिकट आणि गडद छटा आणि उठाव देणारा एक वेगळा रंग. गडद मालामागे फिकट पडदा आणि फिकट मालामागे गडद पडदा असावा. काळ्या बुरख्याच्या कापडामागे निळा पडदा लावून आम्ही एक महिना घालवला. रस्त्यावरून ते कापड दिसतच नव्हते. पडदा बदामी केला, तेव्हा त्यावरील भरतकाम दिसू लागले.

मालाची खुबी जेथे असेल, तीच बाजू पुढे आणावी. हातमागावरील अस्सल पैठणीचा पदर उलट बाजूनेही सुलट बाजूसारखाच स्वच्छ असतो, नकली मालात मागे सुटे धागे लोंबतात. मग अस्सल माल विकणाऱ्याने पदराचा कोपरा उलटून का दाखवू नये? सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, तिचाही कोपरा दुमडून ठेवावा. कारागिराची मेहनत ज्या बाजूला आहे, ती बाजू घडीत दडवली तर आपण त्याचाही हक्क बुडवतो. आमच्या एका विणकराने दिलेला लुंगीचा उत्तम माल वरच्या फळीवर घडी घालून पडून होता आणि "माल चालत नाही" म्हणून मी त्याला पुढची ऑर्डर दिली नाही. पुढे तोच माल काठ दिसेल असा टांगला आणि तो विकला गेला. त्या माणसाचे दोन माग तीन महिने कमी चालले, ते माझ्या फळीमुळे.

सजावटीसाठी बाजारातून महाग सामान आणण्याची गरज नाही. लाकडी धोटा, रंगीत सुताच्या कांड्या, जुनी फणी या वस्तू आपल्या गावात कोठेही मिळतात. कापडाच्या दुकानात त्या शोभतात आणि प्लास्टिकच्या फुलांपेक्षा अधिक काही सांगतात. पुतळे ठेवणे आपल्यापैकी अनेकांच्या मनाला पटत नाही. त्यांनी अडून राहू नये. लाकडी उभा दांडा आणि हँगर, शिंप्याकडे असते तसे बिनडोक्याचे धड किंवा बांबूची आडवी काठी यांवर कपड्याचा घेर आणि पडणे उत्तम दिसते.

उजेड आणि ऊन

दिवसा काचेत माल दिसण्याऐवजी समोरचा रस्ताच दिसतो, अशी अनेकांची तक्रार असते. कारण सोपे आहे. बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा जास्त असला की काच आरशासारखे काम करते. उपाय तीन: वर पुढे आलेली छपरी किंवा ताडपत्री लावणे, मागचा पडदा फिकट ठेवणे आणि दिवसाही आतील दिवे चालू ठेवणे. दिवा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर न येता वरून आणि पुढून मालावर पडावा.

दिव्याच्या खोक्यावर दोन आकडे पाहावेत. पहिला आकडा केल्विनचा. २७०० ते ३००० केल्विनचा उजेड पिवळसर असतो, जरी आणि लाल रंग त्यात खुलतात. ४००० केल्विनचा उजेड मध्यम असतो. ६५०० केल्विनचा पांढरा-निळसर असतो, पांढऱ्या कापडाला तो बरा. दुसरा आकडा 'सीआरआय', म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचे माप. तो १०० पैकी ९०च्या आसपास असेल तर कापडाच्या दुकानासाठी उत्तम. दिव्याखाली जुळणारे दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात, म्हणून ब्लाउजपीस जुळवताना गिऱ्हाइकाला दारापर्यंत नेऊन दिवसाच्या उजेडात दाखवावे. वाद टळतो.

आता उन्हाविषयी. माझी डाळिंबी साडी उन्हानेच खाल्ली. काचेतून येणारे ऊन रंग उडवते, रेशीम पिवळे पाडते. फक्त उन्हातील अतिनील किरणांमुळेच असे होते असे नाही, सतत पडणारा तीव्र उजेडही रंग उडवतो. दुकानाचे तोंड पश्चिमेला असेल तर दुपारनंतर पडदा ओढावा. रेशमी आणि नैसर्गिक रंगाचा माल आठ दिवसांच्या वर उन्हाच्या शोकेसमध्ये ठेवू नये. शक्य तर शोकेससाठी एक नमुना वेगळा ठेवावा, त्यावर लावल्याची तारीख लिहावी आणि तो कमी भावात, नमुना म्हणून सांगूनच विकावा. फळीवरील रेशमी साड्यांच्याही घड्या दोन-तीन महिन्यांनी मोडून नव्याने घालाव्यात, नाहीतर जर घडीवर तुटते.

कॅलेंडर आधी पाहा

चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. त्यामुळे ईद दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे येते आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व मोसमांतून फिरते. २०१८ साली ईदुल फित्र जूनच्या मध्यावर होती, २०२५ साली ती मार्चच्या अखेरीस आली. पुढील काही वर्षे ती हिवाळ्याकडे सरकेल. जो दुकानदार "गेल्या ईदला लोन चालले, याही ईदला चालेल" असे म्हणून दहा वर्षे तीच शोकेस लावतो, तो मोसम विसरतो. कापडाचा पोत मोसमाप्रमाणे बदलला पाहिजे.

बाकीचे कॅलेंडरही वहीत लिहावे. जूनमध्ये शाळा उघडतात, तेव्हा गणवेशाची मांडणी मेमध्येच व्हावी. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू होते. दिवाळी आणि गुढीपाडवा हे आपल्या हिंदू बांधवांच्या खरेदीचे दिवस आहेत. रमजानमध्ये खरेदी तरावीहनंतर रात्री चालते, म्हणजे त्या महिन्यात शोकेस दिव्यांवर जगते. मोसमाच्या तीन आठवडे आधी मांडणी पुढे यावी. सण संपल्यावर तिसऱ्या दिवशी ती उतरलीच पाहिजे. ईद होऊन गेल्यावर लोंबणारी "ईद मुबारक"ची झालर दुकानदार झोपल्याचे सांगते.

दिसेल तेच मिळेल

शोकेस हा एक प्रकारचा वायदा आहे. जे काचेत आहे ते आत त्याच भावात मिळाले पाहिजे. शेवटचाच नग असेल तर तसे लिहावे. "२०० पासून" असे मोठ्या अक्षरांत लिहून आत दोनशेचा एकही नग नसणे ही फसवणूकच आहे. सेकंडचा माल विकण्यास हरकत नाही, तो वेगळा ठेवावा, नुक्स बोटाने दाखवावा. धान्याच्या ढिगात हात घालून आतील ओलावा पाहणाऱ्या आणि ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही असे विचारणाऱ्या पैगंबर (स.) यांचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. तो प्रसंग एका अर्थी मांडणीचाच धडा आहे.

आधी जागा, मग जोडी, शेवटी भाव

माल पडून राहिला की आपण लगेच भाव पाडतो. समजा ४५० रुपयांना घेतलेले २० ड्रेसपीस ६०० रुपयांना विकायचे आहेत. ते चालत नाहीत म्हणून नगामागे १०० रुपये कमी केले, तर २,००० रुपये गेले. परंतु ते कोणी पाहिलेच नसतील तर? म्हणून आधी जागा बदलावी. पंधरा दिवस थांबावे. मग जोडी बदलावी, वेगळी ओढणी, वेगळा शेजार. पुन्हा पंधरा दिवस थांबावे. त्यानंतरही माल हलला नाही, तरच भावाला हात लावावा. पहिल्या दोन उपायांना काही खर्च नाही.

परिणाम वहीत लिहावा. शुक्रवारी संध्याकाळी एक तास मुलाला मोजायला बसवावे: किती लोक थांबले, किती आत आले, कितींनी घेतले. समजा एका आठवड्यात १० थांबले, ४ आत आले, २ जणांनी घेतले. शोकेस बदलल्यावर १८ थांबले, ८ आत आले, पण घेणारे दोनच राहिले. याचा अर्थ शोकेसने आपले काम केले, दोष आत आहे. माल हाताशी नसेल, भाव जुळत नसेल किंवा आपले बोलणे. लोक थांबतात पण आत येत नाहीत, तर भावाची पाटी नसेल किंवा पायरीवर आपलीच माणसे गप्पा मारत बसली असतील. कोणी थांबतच नसेल, तर मांडणी चुकली. बदललेल्या शोकेसचा मोबाइलवर एक फोटोही काढून ठेवावा. पुढच्या वर्षी कामास येतो आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना पाठवताही येतो.

आज लोक मोबाइलवर घरबसल्या हजार नमुने पाहतात. त्या हजारांशी आपली लहान शोकेस संख्येत स्पर्धा करू शकणार नाही. परंतु कापड हाताला कसे लागते, हे मोबाइल सांगू शकत नाही. म्हणून दुकानाच्या पहिल्या पायरीशी एक ताका नेहमी उलगडलेला असावा. "हात लावून पाहा" असे म्हणण्याची हिंमत ज्याच्या मालात आहे, त्याने ती जरूर दाखवावी.

बंधूंनो, येत्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी एवढेच करा. शटर अर्धे ओढा आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा. आपले दुकान परक्याच्या नजरेने पाहा. मग दहा पावलांवरून पाहा, मग काचेला नाक लावून पाहा. जे तुम्हालाच दिसणार नाही, ते गिऱ्हाइकाला कसे दिसेल? शोकेसमधील सर्वांत जुनी वस्तू कोणती आणि ती कधी लावली, हे आठवत नसेल तर आधी तीच उतरवा आणि उलगडून पाहा. मी हे वेळेवर केले असते, तर एका मुलीच्या निकाहाच्या आदल्या रात्री तिच्या आईला माझ्या दुकानाची पायरी चढावी लागली नसती.

अल्लाह आपणा सर्वांच्या रोजीत बरकत देवो.